कापडावरची घडी

"हे बघ, उजवीकडे," नाना म्हणाले. "दिसला का?"

मी बसच्या खिडकीतून वाकून पाहिलं. कापणी झालेली भातखाचरं, त्यांच्या पलीकडे उंच, काळपट हिरव्या झाडांची रांग आणि तिच्यावर एक बसकट डोंगर. खांद्यापर्यंत झाडी होती, त्याच्या वर सगळं राखाडी.

"हा?" मी म्हटलं. "हा तर सिंहगडाएवढा आहे."

"तेवढासुद्धा नाही. म्हणून तर कुणाला त्याची भीती वाटली नाही."

त्या डोंगराचं नाव उसुझुमी. फिकट शाई, असा त्याचा अर्थ. दुखवट्याच्या पाकिटावर जपानी माणूस मुद्दाम फिकट शाईने नाव लिहितो. शाई घोटताना तिच्यात आसवं पडली, असं त्यातून सांगायचं असतं. डोंगराला हे नाव त्याच्या मातीच्या रंगावरून मिळालं असावं, असं नाना म्हणत. 'असावं' असंच म्हणत. पुरावा नसला की ते क्रियापद बदलायचे.

माझे वडील, डॉ. दिगंबर ओझरकर, पुण्यात भूगर्भशास्त्र शिकवत. सह्याद्रीचा काळा दगड वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मधली काही वर्षं मात्र ते उन्हाळ्याच्या सुट्टीत या डोंगराकडे येत राहिले. बोलावणारा त्यांचा मित्र तात्सुओ मानाबे याच गावचा. दोघांनी मिळून उसुझुमीचा अभ्यास केला आणि दोघांच्या सहीने निष्कर्ष छापला: गेल्या दोन हजार वर्षांत या डोंगराचा उद्रेक झालेला नाही. ते वाक्य पुढे पायवाटेच्या तोंडाशी एका फळीवर रंगवलं गेलं. त्या फळीच्या भरवशावर गाव दर ऑक्टोबरात लाल झालेली पानं बघायला वर जाई.

आमच्या त्या प्रवासाच्या आदल्या वर्षी, अशाच ऑक्टोबरात, डोंगर फुटला. वर गेलेल्यांपैकी काही परत आले, काही आले नाहीत. त्यांना घेऊन वर गेला होता मानाबे. तोही आला नाही.

वर्ष पूर्ण होताना नानांनी मला मानाबेच्या बायकोला, फुमिएबाईंना, फोन करायला सांगितलं. मी तेव्हा चाकणच्या एका जपानी कारखान्यात दुभाषी होते, त्यामुळे घरातले असले फोन माझ्याकडेच असत. गावात मेलेल्यांच्या नावांचा दगड उभारताहेत, असं बाई म्हणाल्या. मी सहज विचारलं, तात्सुओ-सानांचं नाव कुठे येणार? मग त्या म्हणाल्या, "त्यांचं नाव नाही. बाकीच्या घरांची हरकत आहे. साहजिकच आहे."

मी ते नानांना सांगितलं. बायपास होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. आई म्हणाली, "तिथे जाऊन तुम्ही काय करणार? गेलेला माणूस उठून बसणार आहे का?" नाना म्हणाले, "माणूस नाही. नाव."

बस एका वळणावर थांबली, दोन म्हाताऱ्या चढल्या, पुन्हा निघाली.

"पण नेमकं झालं काय होतं?" मी विचारलं. "तुम्ही कधी धड सांगितलंच नाहीत."

"स्फोट म्हटलं की तुम्हा लोकांना लाल रस दिसतो," ते म्हणाले. "यात लाव्हा नव्हताच. आत पाणी होतं, ते तापलं, वाफ कोंडली. कुकरचं झाकण उडतं ना, तसं. झाकणाबरोबर बाहेर येतं ते काही नवं नसतं. आत शिजून मऊ झालेलं जुनंच असतं. डोंगराच्या पोटात दगड वायूंनी कुजतो, त्याची राखाडी चिकणमाती होते. ती बाहेर पडते. खाली गावात बोटभर जाडीचीसुद्धा साचत नाही. चार पावसाळे गेले की धुऊन जाते."

"मग माणसं कशाने गेली?"

"वरून पडलेल्या दगडांनी." ते खिडकीबाहेर बघत होते. "हा डोंगर जुन्या काळी तीनदा मोठ्याने बोललाय. पहिल्यांदा पिवळा, हलका दगड उडवला, पाण्यावर तरंगतो तो. मग काळी-तांबडी खडी. मग शिखरावर लाव्ह्याचा एक घुमट उभा केला आणि गप्प बसला. त्याच्यावर हातभर काळी माती साचलीय, दोन हजार वर्षांची. तिच्यात काही नाही, असं आम्ही लिहिलं."

"आणि होतं?"

त्यांनी पिशवीतून बाकरवडीचा पुडा काढून तो फुटला नाही ना ते पाहिलं आणि परत ठेवला. मानाबे पुण्यात आमच्या घरी राहिला होता तेव्हा त्याला बाकरवडीचं वेड लागलं होतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खायचा आणि म्हणायचा, तुमचे ज्वालामुखी मेले असं कोण म्हणतं, ते सगळे यात राहायला आलेत.

"थर सोलायची त्यांची एक पद्धत आहे," नाना म्हणाले. "खड्डा खणायचा, त्याची एक भिंत तासून सपाट करायची. तिच्यावर डिंकासारखं रसायन फासायचं, पातळ कापड लावायचं, वरून पुन्हा रसायन. वाळलं की कापड सोलून काढायचं. भिंतीची साल कापडाला चिकटून येते, अख्खी, सगळ्या थरांसकट. मग ती भिंतीवर टांगायची. खड्डा बुजवला तरी चालतो."

"आपल्याकडे असं करतात?"

"आपल्याकडे दगड आहे, सोलणार काय? तर ऐक. वाळू, खडी हे रसायन पितात, म्हणून कापडावर पुढे येतात. चिकणमाती पीत नाही. ती मागे खड्ड्यातच राहते आणि कापडावर तिच्या जागी नुसती खाच उमटते. थर पातळ असला तर खाचही केसासारखी. आता ओलं कापड भिंतीवर लावताना त्याला एखादी घडी पडली, तर तीही तशीच दिसते."

"अच्छा."

"शाळेच्या सभागृहात ते कापड टांगलं तेव्हा काळ्या मातीच्या मधोमध मला एक रेघ दिसली. मी तात्सुओला विचारलं, ही काय? तो म्हणाला, घडी. मी म्हटलं, खड्डा पुन्हा उघडू, भिंत बघू. पण खड्डा कधीच बुजवलेला. मालकाने तिथे सफरचंदाची रोपं लावलेली. ती उपटा म्हणून त्याला कोण सांगणार? तात्सुओ म्हणाला, ओझा-सान, माझं कापड मला माहीत आहे, घडीच आहे." ओझरकर त्या लोकांच्या जिभेवर बसत नसे, म्हणून ओझा. "मी गप्प बसलो."

"म्हणजे चूक त्यांची होती."

"सही माझीही होती."

"पण तुम्हाला दिसलं होतं, नाना."

"दिसलं होतं, अचू. दिसून गप्प बसणं हे न दिसण्यापेक्षा बरं असतं का?"

मी थोड्या वेळाने विचारलं, "मग त्यांना काय सांगणार?"

"सांगायला हवं ते. तू फक्त जसंच्या तसं भाषांतर कर. तुझ्या त्या चाकणच्या साहेबांचं करतेस तसं गुळमुळीत नको."

मानाबेचं घर पायवाटेच्या फाट्यावरच होतं. दारातून तो दगड दिसत होता. दुसऱ्या दिवशी त्याचं अनावरण होतं म्हणून त्याला पांढरं कापड गुंडाळून दोरीने बांधलं होतं. फुमिएबाई दारातच उभ्या होत्या. बारीक चणीच्या, केस मागे घट्ट बांधलेले. गावातली शाळा मुलांअभावी बंद होईपर्यंत त्या तिथे शिवण शिकवत. त्यांनी नानांना कमरेतून वाकून नमस्कार केला, नानांनी हात जोडले, आणि मग बराच वेळ कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

आत मानाबेची आई, तोमेआजी, खालून ऊब देणाऱ्या, रजई पांघरलेल्या बुटक्या मेजाशी बसली होती. नव्वदीची, वाळून एवढीशी झालेली.

"हाच का तो, तात्सुओला तिखट खायला घालणारा?" तिने सुनेला विचारलं.

मी ते नानांना सांगितलं. ते हसले, पुडा उघडला आणि देव्हाऱ्यातल्या मानाबेच्या फोटोपुढे चार बाकरवड्या ठेवल्या. उदबत्ती लावली. मग आजीपुढेही एक धरली.

"दात नाहीत मला," आजी म्हणाली, पण घेतली आणि मुठीत ठेवून दिली.

बसायला सांगितल्यावर फुमिएबाई हळू आवाजात मला म्हणाल्या, "आई आता दुकानातसुद्धा जात नाहीत. तिथे कुणी भेटलं की त्या वाकतात आणि समोरचा जाईपर्यंत वर होत नाहीत. मागच्या महिन्यात तशाच पडल्या." त्या असं बोलत होत्या की जणू गळक्या छपराबद्दल सांगताहेत.

नानांनी फोनवरूनच सरपंचांना बोलवायला सांगितलं होतं. किताझावा त्यांचं नाव. सफरचंदांच्या बागा असलेला, रुंद हातांचा माणूस. त्यांचा धाकटा भाऊ डोंगरावर गेला होता. ते आले, दाराजवळच बसले, पुढे सरकवलेली गादी त्यांनी घेतली नाही.

"एवढ्या लांबून आलात," ते म्हणाले. "माफी मागायला आला असाल तर रांगेत उभं राहावं लागेल. वर्षभर कुणी ना कुणी येऊन वाकून जातंय. शहरातून, खात्यातून, टीव्हीतून. आम्हाला आता लोकांचे चेहरे आठवत नाहीत, टाळूच आठवतात."

मी भाषांतर केलं. नानांनी मान हलवली.

"मला तात्सुओच्या नावाबद्दल बोलायचंय," ते म्हणाले. "दगडावरच्या."

"दगड मेलेल्यांसाठी आहे," किताझावा म्हणाले. "नेणाऱ्यासाठी नाही. माझ्या भावाला गुडघ्याचा त्रास होता. तो येत नव्हता. मानाबे दारात येऊन म्हणाला, चल रे, हा डोंगर आपल्या आजोबांपेक्षा शांत आहे." त्यांनी आजीकडे पाहिलं नाही. "आजी, तुम्हाला दुखवायचं नाही मला."

"बोला," आजी म्हणाली.

नानांना मांडी घालून बसणं त्या वेळी जड जात होतं. तरी ते गुडघ्यांवर सरळ झाले, हात मांडीवर ठेवले आणि मराठीत, वर्गात बोलत तसे, सावकाश बोलू लागले.

"शाळेतल्या त्या कापडावर काळ्या मातीच्या मधोमध एक रेघ आहे. तात्सुओने ती पाहिली होती. तो मला म्हणाला, हा वाफेचा स्फोट आहे, आणि फार जुना नाही. आपण खड्डा पुन्हा उघडून बघू. मी म्हणालो, ही कापडाची घडी आहे. मी त्याला अडवलं."

मी नानांकडे वळले.

"नाना," मी म्हटलं, आवाज शक्य तितका सपाट ठेवून, "तुम्ही उलटं बोललात."

"मी काय बोललो ते मला माहीत आहे."

"हे खरं नाहीये."

"भाषांतर कर."

"अहो, हे पेपरात येईल. तुमच्या विद्यापीठात जाईल. तुमचं नाव..."

"माझं नाव कुठल्या दगडावर यायचं राहिलेलं नाही. या म्हातारीकडे बघ आणि कर."

"काय म्हणताहेत ते?" किताझावांनी विचारलं. आजी आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. फुमिएबाईंनी चहाच्या किटलीवर हात ठेवला होता, पण ओतत नव्हत्या.

आमच्या धंद्यात एक नियम असतो. समोरचा 'मी' म्हणाला की दुभाषानेही 'मी' म्हणायचं. 'ते असं म्हणतात' हे शेपूट लावायचं नाही. कारखान्यात मी हजारदा 'मी' म्हणाले होते: मी हा पंप नाकारतो, मी मुदत वाढवून देणार नाही. त्यातला एकही 'मी' घरी माझ्याबरोबर आला नव्हता.

"तात्सुओने ती रेघ ओळखली होती," मी जपानीत म्हणाले. "ती घडी आहे असं मी म्हणाले. मी त्याला अडवलं."

मग आजीने विचारलं, "तात्सुओने ओळखली होती?"

हे नानांना भाषांतराशिवाय कळलं. "हाइ," ते म्हणाले. हो.

"ओळखली होती?" तिने पुन्हा विचारलं, या वेळी कुणालाच नाही. मूठ उघडून हातातल्या बाकरवडीकडे पाहिलं. तिचा चुरा झाला होता.

किताझावा पुढे सरकले. "थांबा. त्याने ओळखली होती आणि तरीही माझ्या भावाला वर नेलं?"

हा प्रश्न येणार हे नानांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

"नेलं, कारण त्याला माझं पटलं होतं," नाना म्हणाले. "पटल्याशिवाय माणूस आपल्याच गावची माणसं घेऊन, स्वतः पुढे होऊन, वर जात नाही. मी त्याला पटवलं होतं."

"मानाबे कुणाचं ऐकणारा नव्हता. आम्ही एका बाकावर शिकलो. नदीला पाणी आहे, उतरू नको म्हटलं की हा आधी कपडे काढणार. तुमचं का ऐकलं त्याने?"

"मी त्याच्याहून मोठा. तो माझ्या घरी राहिलेला, माझ्या बायकोच्या हातचं जेवलेला. त्याला माझ्याशी भांडायचं नव्हतं."

"भांडायला हवं होतं."

"हो," नाना म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला. "भांडायला हवं होतं. मैत्री राहिली नसती तरी भांडायला हवं होतं."

ते वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं. ते सांगताना मला अडखळावं लागलं नाही.

किताझावा उठले. "मला ती रेघ बघायची आहे," ते म्हणाले.

शाळेचं सभागृह रस्ता ओलांडला की समोरच. आजी घरी राहिली. किताझावांनी कुलूप काढलं, पडदे सरकवले. आत रिकाम्या शाळेचा वास होता, मेणाचा आणि धुळीचा. समोरच्या भिंतीवर ते कापड टांगलेलं होतं, दाराएवढं उंच. मी ते पहिल्यांदाच पाहत होते. तळाशी पिवळा, दाणेदार पट्टा. त्याच्या वर काळी-तांबडी खडी, हात लावला तर टोचेल अशी. त्याच्या वर काळी माती, जाड, नुसती काळी. मध्ये रेघ होती. सांगितलं नसतं तर मला दिसली नसती.

नानांनी बोट ठेवलं. "ही."

किताझावांनी चष्मा काढला, जवळ गेले, रेघेवरून अंगठा फिरवला. एवढा मोठा अंगठा, रेघ त्याखाली झाकून गेली.

"एवढ्यासाठी?" ते म्हणाले. मी ते नानांना सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती.

मग ते फुमिएबाईंकडे वळले. "बाई, कापड लावायला तुम्ही होतात ना त्या दिवशी? घडी पडली होती?"

फुमिएबाई दाराजवळ उभ्या होत्या. आम्ही आल्यापासून त्यांनी नानांकडे सरळ पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"कापड माझंच होतं," त्या म्हणाल्या. "शिवणाच्या वर्गातलं. आदल्या दिवशी मी त्याला इस्त्री केली होती आणि लावताना चारी कोपरे शाळेच्या मुलींनी ताणून धरले होते. घडी नव्हती."

"म्हणजे मानाबेचं बरोबर होतं," किताझावा म्हणाले.

"रेघ खरी आहे," फुमिएबाई म्हणाल्या.

किताझावांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "दगडाच्या डाव्या टोकाला जागा आहे. पाथरवटाला मी तेवढी जागा सोडायला सांगितली होती. का सांगितली होती, मलाच माहीत नाही. बाकीच्या घरांशी मी आज बोलतो." आणि नानांकडे वळून, "हे तुम्ही लिहून द्याल? इथे लावायला, कापडाशेजारी?"

"देतो," नाना म्हणाले.

"तुमच्या नावानिशी."

"नावानिशीच. नाहीतर त्याला काय अर्थ?"

मजकूर नानांनी मराठीत सांगितला आणि मी जपानीत लिहिला. शाळेच्या खडूच्या खोक्यात सापडलेल्या एका पुठ्ठ्यावर. खाली त्यांनी देवनागरीत सही केली. माझं अक्षर त्या दिवशी फार चांगलं आलं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या समारंभाला आम्ही थांबलो नाही. थांबू नये, असं किताझावांनी सुचवलं आणि ते योग्यच होतं. त्याच दिवशी दुपारच्या बसला फुमिएबाई सोडायला आल्या. थांब्यावरून डोंगर अख्खा दिसत होता. वरच्या राखाडीतून पांढरी वाफ निघत होती. थोडीशीच.

"पुढच्या माणसाला हाही थर दिसणार नाही," नाना म्हणाले. "याच्यावर पाऊस चालू झालाय."

ते पाठ ताणायला चार पावलं पुढे गेले. फुमिएबाई माझ्याजवळ सरकल्या आणि डोंगराकडे बघतच बोलू लागल्या.

"कापड टांगलं त्या दिवशी मी तिथेच होते. मी नवऱ्याला सांगितलं, ही घडी नाही, मी इस्त्री केलीय. तो हसला. म्हणाला, तुला शिवण कळतं, डोंगर नाही. तुमचे वडील बाजूलाच उभे होते, पुन्हा पुन्हा त्या रेघेवर बोट ठेवत होते. त्यांना जपानी येत नव्हतं आणि मला इंग्रजी. आम्ही दोघं एकच सांगत होतो आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं." त्या थांबल्या. "मघाशी आईंनी आपण होऊन दार उघडून बाहेर पाहिलं. तुमच्या वडिलांनी जे दिलं ते मी घेतलंय. मला खरं काय ते माहीत आहे, हे त्यांना कधी कळू देऊ नका. कळलं तर त्यांना वाटेल, मी ते परत करतेय."

बस वळणावर दिसली. नाना परत आले.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"प्रवासात सांभाळून राहा म्हणाल्या."

नानांनी हात जोडले. फुमिएबाई कमरेतून वाकल्या आणि बस वळेपर्यंत तशाच राहिल्या.

महिनाभराने किताझावांनी दगडाचा फोटो पाठवला. डाव्या टोकाला नाव होतं, इतरांपेक्षा थोडं पांढरं, कारण कोरीव काम ताजं होतं.

पुढचं सगळं मी नानांना बजावलं होतं तसंच झालं. तिकडच्या वर्तमानपत्रात आलं, तिकडून इकडे आलं. ज्या परिषदांना नाना जात तिथली बोलावणी थांबली. त्यांचाच एक विद्यार्थी एका व्याख्यानात म्हणाला की पुरावा डोळ्यांसमोर असताना अहंकाराने तो कसा नाकारला जातो याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. नाना तिसऱ्या रांगेत होते. घरी आल्यावर म्हणाले, "पोरगा छान बोलला. मुद्दा बरोबर आहे." आईला खरं काय ते माहीत होतं. ती पुष्कळ दिवस त्यांच्याशी नीट बोलली नाही, आणि ती गेली त्याआधीची काही वर्षं तर त्या विषयावर अजिबातच नाही.

तोमेआजी दोन हिवाळ्यांनी गेली. फुमिएबाई मागच्या जानेवारीत. किताझावांच्या मुलाने कळवलं. मी पाकीट पाठवलं, फिकट शाईने नाव लिहून.

नाना या श्रावणात गेले. त्याआधी दहा-बारा दिवस ते दवाखान्यात होते. एका दुपारी त्यांना बरं वाटत होतं. खिडकीतून वेताळ टेकडीचा तुकडा दिसत होता, हिरवा झालेला. त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली.

"अचू, त्या दिवशी बसथांब्यावर फुमिए तुला काय म्हणाली होती?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे दुसऱ्यांदा विचारलं.

"प्रवासात सांभाळून राहा म्हणाल्या होत्या."

"एवढंच?"

"एवढंच."

ते माझ्याकडे बघत राहिले. रस्त्याकडेला कापलेल्या टेकाडासमोर गाडी थांबवून बघत, तसे.

"वाक्य बरंच लांब होतं गं."

"त्यांची भाषाच तशी आहे, नाना."

"हं," ते म्हणाले आणि छातीवरच्या चादरीवरून तळहात फिरवत राहिले, या कडेपासून त्या कडेपर्यंत. चादर सकाळीच बदलली होती. तिला कुठेही घडी नव्हती.